वणवा, माती आणि बँक्सिया ब्राउनी

बँक्सिया ब्राउनी हे पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य टोकाला, अल्बनी शहर आणि त्याच्या उत्तरेची स्टर्लिंग पर्वतरांग यांच्या दरम्यानच्या पट्ट्यात वाढणारे झुडूप आहे. जगात इतरत्र ते रानटी अवस्थेत सापडत नाही. उंची साधारण एक ते तीन मीटर; आडोशाच्या जागी ते सहा मीटरपर्यंत जाते, तर उघड्या शिखरांवर वाऱ्यापुढे खुरटते. पाने अरुंद आणि कडांपासून थेट मधल्या शिरेपर्यंत इतकी बारीक चिरलेली असतात की पान पिसासारखे दिसते. त्यामुळे इंग्रजीत याला ‘फेदर-लीव्ह्ड बँक्सिया’ हे नाव पडले. पानांची वरची बाजू गडद हिरवी, खालची लवदार आणि पांढरट. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कायद्यात या जातीची नोंद संकटग्रस्त अशी आहे आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्याच्या यादीत ती अतिसंकटग्रस्त गटात मोडते. तिच्यावर आलेल्या संकटात वणव्याचे नाव नेहमी पुढे येते. पण वणवा या झुडपाचा जुना सोबती आहे. त्याचा खरा वैरी मातीत आहे, आणि तो आल्यापासून वणव्याचाही अर्थ बदलला आहे.

बँक्सिया ही प्रोटिएसी कुलातली प्रजाती. १७७० मध्ये कॅप्टन कुक यांच्या जहाजावरून ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर उतरलेल्या जोसेफ बँक्स यांनी हिचे पहिले नमुने गोळा केले आणि धाकट्या लिनियसने १७८२ मध्ये त्यांचेच नाव तिला दिले. आज तिच्यात सुमारे १७० जाती मोजल्या जातात. २००७ मध्ये ड्रायँड्रा या प्रजातीतल्या जाती हिच्यात विलीन केल्यामुळे हा आकडा एकदम दुपटीने वाढला. महाराष्ट्रात या कुलाची ओळख आहे ती लावलेल्या झाडांमधून. पाचगणीच्या रस्त्यांकडेचा सिल्व्हर ओक, म्हणजे ग्रेव्हिलिया रोबस्टा, मूळचा पूर्व ऑस्ट्रेलियाचाच आणि बँक्सियाचा कुलबंधू. नावात ओक असला तरी खऱ्या ओकशी त्याचे काही नाते नाही.

बँक्सिया ब्राउनी प्रथम गोळा केले विल्यम बॅक्स्टर यांनी, १८२९ मध्ये, किंग जॉर्ज साउंड या आजच्या अल्बनीलगतच्या खाडीपाशी. इंग्लंडमधल्या रोपवाटिकांसाठी बिया आणि रोपे जमवणे हा बॅक्स्टर यांचा व्यवसाय होता. पुढच्याच वर्षी रॉबर्ट ब्राउन यांनी जातीचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. परागकणांतल्या सूक्ष्म कणांची पाण्यातली अखंड थरथर पाहून ज्यांचे नाव पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत ‘ब्राउनियन गती’ म्हणून कायमचे बसले, तेच हे ब्राउन. जातीला स्वतःचेच नाव देणे शिष्टाचाराला धरून नसते. पण नाव बॅक्स्टर यांनी सुचवलेले होते आणि ब्राउन यांच्या वर्णनात तशी नोंदही आहे. ब्राउन स्वतः १८०१ च्या डिसेंबरात ‘इन्व्हेस्टिगेटर’ जहाजावरून याच खाडीत उतरले होते आणि त्यांनी तिथे शेकडो वनस्पती गोळा केल्या होत्या. हे झुडूप मात्र त्यांच्या संग्रहात आले नाही. त्याचा बहर मार्च ते ऑगस्ट या काळातला. डिसेंबरात ते फुलावर नसते.

ज्या भूमीत ते वाढते तिची घडण समजल्याशिवाय पुढचे काही उलगडत नाही. ऑस्ट्रेलियाच्या या कोपऱ्यात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा, वाऱ्याचा असतो. जमीन अतिशय जुनी. हिमनद्यांनी किंवा ज्वालामुखींनी इथे कोट्यवधी वर्षांत नवी माती आणून टाकली नाही, त्यामुळे स्फुरद जवळजवळ धुऊन गेलेला. अशा नापीक वाळूवर आणि खडकाळ उतारांवर कमरेएवढ्या, कडक पानांच्या झुडपांचे दाट रान माजते. युरोपात अशा रानाला ‘हीथ’ म्हणतात; इथल्या नूंगार लोकांच्या भाषेतून आलेला शब्द ‘क्वांगन’. जमीन गरीब असली तरी वनस्पतींची विविधता थक्क करणारी आहे. नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियात फुलझाडांच्या सुमारे आठ हजार जाती असून त्यांतल्या जवळपास निम्म्या जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. एकट्या स्टर्लिंग रांगेतच दीड हजाराच्या वर जाती नोंदल्या गेल्या आहेत.

स्फुरदाच्या या दुष्काळावर प्रोटिएसी कुलाने काढलेला तोडगा म्हणजे गुच्छमुळे. पावसाळी हिवाळ्यात जमिनीच्या वरच्या थरात बाटली घासायच्या ब्रशसारखे बारीक मुळांचे झुपके फुटतात. त्यांतून सेंद्रिय आम्ले पाझरतात आणि मातीच्या कणांना घट्ट धरून बसलेला स्फुरद सुटा होतो. ही मुळे स्फुरद मिळवण्यात इतकी तरबेज असतात की बागेत नेहमीचे खत घातले, तर बँक्सियाला स्फुरदाची विषबाधा होते. मात्र पोषणाचा मुख्य भार अशा वरवरच्या, नाजूक मुळांवर असल्यामुळे त्या थरात काही बिघडले की झाडाकडे दुसरा आधार उरत नाही.

बँक्सिया ब्राउनीचे दोन ढंग आहेत. अल्बनीजवळच्या सखल भागात जाराह वृक्षांच्या विरळ रानात वाढणारे झुडूप उंच आणि मऊ पानांचे असते. स्टर्लिंगच्या वरच्या उतारांवरचे आणि शिखरांवरचे झुडूप ठेंगणे, आखूड पानांचे. तिथल्या सर्वोच्च शिखराला, ब्लफ नॉलला, जेमतेम ११०० मीटरची उंची आहे. कळसूबाई त्याहून साडेपाचशे मीटरने उंच. पण सभोवतीच्या सपाट गव्हाच्या शेतांतून एकदम उठलेल्या या रांगेवर समुद्राकडून येणारे ढग अडतात, उन्हाळ्यातही धुके उतरते आणि वर्षातून कधीतरी बर्फाची भुरभुरही होते. सखल प्रदेशाच्या उन्हाळ्यात तग न धरणाऱ्या कित्येक जाती या ओल्या माथ्यांवर टिकून आहेत. नूंगार लोक या रांगेला पवित्र मानतात. १९१३ पासून तिचा मोठा भाग राष्ट्रीय उद्यान आहे.

फूल म्हणून ज्याकडे बोट दाखवले जाते ते खरे तर कणीस. फांदीच्या टोकाला उभ्या दांड्यावर शेकडो लहान फुले जोडीजोडीने चिकटलेली असतात. रंग तांबूस-तपकिरी, त्यावर धातूसारखी झाक. प्रत्येक कळीतून लांब, ताठ परागवाहिनी आधी कमानीसारखी बाहेर फुगते. तिचे टोक अजून पाकळ्यांच्या मिठीत अडकलेले असते आणि आतल्या आत परागकोश आपले पराग त्या टोकाला फासून ठेवतात. मग कमान सुटते. परागवाहिनी बाहेर येते ती पराग माथ्यावर घेऊनच आणि तिचे टोक आकड्यासारखे वळलेले असते. मध प्यायला वाकलेल्या प्राण्याच्या कपाळावर ते पराग लागतात. एक-दोन दिवसांनी त्याच टोकावरचा ग्राही भाग दुसरीकडून आलेले पराग स्वीकारायला तयार होतो.

हे पाहुणे दोन पाळ्यांत येतात. दिवसा मधखाऊ पक्षी, त्यांत न्यू हॉलंड मधखाऊ विशेष. रात्री लहान सस्तन प्राणी. त्यांत सर्वांत नवलाचा आहे हनी पॉसम. दहाएक ग्रॅम वजनाचा, लांब, सोंडेसारख्या तोंडाचा आणि ब्रशसारख्या जिभेचा हा पिशवीधारी प्राणी निव्वळ मध आणि पराग यांवर जगतो. वटवाघळे सोडली तर असा आहार असलेला दुसरा सस्तन प्राणी जवळपास नाहीच. शरद आणि हिवाळ्यात, जेव्हा रानात इतर फुले कमी असतात, तेव्हा बँक्सियाची कणसे म्हणजे या सगळ्यांचा मुख्य शिधा. एवढी वर्दळ असूनही परपरागण अपेक्षेइतके होत नाही. एकाच झाडाच्या परागांतून धरलेल्या बियांचे प्रमाण या जातीत लक्षणीय आढळते. शेकडो फुलांच्या कणसावर फळे मात्र थोडी धरतात आणि एका फळात फार तर दोन बिया. बियांची ही चणचण पुढे महागात पडते.

फळ म्हणजे लाकडासारखी टणक, दोन झडपांची पेटी. पिकली तरी ती उघडत नाही. वर्षामागून वर्षे ती झाडावरच बंद राहते आणि तिच्यात पंख असलेल्या बिया सुखरूप असतात. झुडपाची सगळी शिल्लक अशी फांद्यांवर टांगलेली असते. बँक्सियाच्या बिया जमिनीत दीर्घकाळ टिकत नाहीत, त्यामुळे मातीत वेगळा साठा नसतो.

वणवा आला की बँक्सिया ब्राउनी मरते. प्रजातीतल्या काही जातींच्या बुंध्याशी जमिनीखाली फुगीर गाठ असते, तिच्यातून त्या पुन्हा फुटतात; हिला तशी गाठ नाही. पण त्याच आगीच्या धगीने पेटीच्या झडपांना धरून ठेवणारी राळ वितळते, झडपा मोकळ्या होतात आणि पुढच्या काही दिवसांत बिया राखेवर उतरतात. वरचे रान जळून गेलेले असल्याने ऊन थेट जमिनीवर पोचते, राखेतून थोडे पोषण मिळते, स्पर्धा नसते. हिवाळ्याचा पाऊस पडला की रोपे उगवतात. अशा रीतीने एका पिढीचा अंत आणि दुसरीची सुरुवात एकाच आगीत होते. कोकणात राब भाजणाऱ्या शेतकऱ्याला आगीनंतरच्या जमिनीचा गुण माहीत असतो. या रानांत तोच गुण एका झुडपाच्या जीवनक्रमात गुंतलेला आहे.

या व्यवहारात एक अट आहे, ती काळाची. उगवलेल्या रोपाला पहिले फूल यायला साधारण पाच वर्षे लागतात आणि फांद्यांवर बियांचा पुरेसा साठा व्हायला त्याहून बरीच अधिक. त्याआधी दुसरा वणवा आला तर पेट्या रिकाम्याच असतात आणि त्या जागेवरून जात नाहीशी होते. उलट फार वर्षे आग लागलीच नाही तर झुडपे म्हातारी होऊन मरतात, पेट्या हळूहळू आपोआप उघडतात आणि बिया सावलीच्या पालापाचोळ्यात पडून वाया जातात. म्हणजे वणवा हवा, पण बेताने. किती वर्षांनी, हा प्रश्न उद्यानाच्या व्यवस्थापनात सतत घोळत असतो. वस्त्या आणि शेते वाचवण्यासाठी ठरावीक काळाने रान जाळून इंधन कमी करण्याची पद्धत पश्चिम ऑस्ट्रेलियात जुनी आहे. हे वेळापत्रक जंगलाच्या गरजेपेक्षा घरांच्या गरजेवर बेतलेले असते आणि दोन्हींचे हिशेब जुळतीलच असे नाही.

स्टर्लिंगच्या पूर्वेकडच्या शिखरांवर अलीकडच्या काळात वणवे लागोपाठ आले. २००० च्या ऑक्टोबरात ब्लफ नॉलचा परिसर जळला, २०१८ च्या मे महिन्यात पूर्वेकडची शिखरे पुन्हा पेटली, आणि २०१९ चा डिसेंबर संपताना लागलेल्या वणव्यात उद्यानाचे सुमारे ४०,००० हेक्टर क्षेत्र जळाले. जळलेल्या उतारांवर उगवलेल्या कोवळ्या रोपांवर ससे आणि क्वोका हे लहान पिशवीधारी प्राणी तुटून पडतात. क्वोका इथलाच मूळ रहिवासी आणि स्वतःही संरक्षित; त्यामुळे एका दुर्मिळ जिवापासून दुसऱ्याला वाचवण्यासाठी शिखरांवर तारेची कुंपणे उभारायची वेळ आली आहे.

एवढेच असते तरी हे झुडूप बहुधा तरले असते. ते खचले फायटोफ्थोरा सिनॅमोमी या मातीतल्या सूक्ष्म रोगजीवामुळे. १९२१ च्या सुमारास पर्थजवळच्या टेकड्यांत जाराहची झाडे कारण न कळता वाळताना दिसू लागली. मरत्या झाडांचे डाग वर्षागणिक पसरत होते आणि चार दशके त्याचे कारण माती, पाणी, हवामान यांत शोधले जात होते. १९६० च्या दशकाच्या मध्यास वनशास्त्रज्ञ फ्रँक पॉजर यांनी हा जीव हुडकून काढला. तो मुळात १९२२ मध्ये सुमात्रातल्या दालचिनीच्या झाडांवर सापडला होता. नावातला ‘सिनॅमोमी’ तिथलाच. आग्नेय आशियातून तो ऑस्ट्रेलियात आला तो बहुधा वसाहतकाळात, कुंड्यांतल्या रोपांच्या मातीतून.

याला सर्रास बुरशी म्हटले जाते, पण खऱ्या बुरशीशी त्याचे नाते दूरचे. समुद्रातले तपकिरी शेवाळ त्याला अधिक जवळचे. महाराष्ट्र आणि गोव्याच्या शेतकऱ्यांना त्याचे भाऊबंद चांगले परिचयाचे आहेत. पावसाळ्यात कोवळ्या सुपाऱ्या गाळणारा कोळेरोग, विदर्भातल्या संत्र्याच्या खोडातून डिंक काढणारा डिंक्या, बटाट्यावरचा उशिराचा करपा, हे सगळे फायटोफ्थोराच्याच निरनिराळ्या जातींचे काम. द्राक्षावरचा डाऊनीही याच मोठ्या गटातला.

त्याची चाल साधी आहे. ओल्या, उबदार मातीत त्याच्या पिशव्यांतून शेपट्या असलेले बीजाणू सुटतात आणि मातीतल्या पाण्याच्या पापुद्र्यातून पोहत मुळांकडे जातात. मुळांतून पाझरणारी द्रव्ये त्यांना दिशा दाखवतात. आत शिरल्यावर तंतू मुळे आणि बुंध्याची साल कुजवतात. झाडाला पाणी ओढता येत नाही. उन्हाळ्यात पाने पिवळी पडून एकाएकी करडी होतात आणि पाहणाऱ्याला वाटते की झाड तहानेने गेले. प्रतिकूल काळात जाड भिंतीचे बीजाणू मातीत आणि मेलेल्या मुळांत वर्षानुवर्षे टिकून राहतात. मुळांना मूळ भिडले की रोग एका झाडातून दुसऱ्यात जातो, उतारावर पाण्याबरोबर खाली वाहतो. चढावर मात्र तो स्वतःहून फार हळू सरकतो. शिखरांवर त्याला पोचवले माणसांनी, बुटांना आणि गाड्यांच्या चाकांना चिकटलेल्या चिखलातून. स्टर्लिंगमधल्या जुन्या वाटा, वणवा रोखण्यासाठीचे रस्ते आणि गिर्यारोहकांची ये-जा यांनी उद्यानाचा निम्म्याहून अधिक भाग बाधित झाला आहे.

नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियातल्या ५७१० मूळ जातींचा आढावा घेऊन २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार सुमारे ४० टक्के जाती या रोगाला बळी पडणाऱ्या आहेत आणि १४ टक्के अतिशय सहज. प्रोटिएसी कुल त्यात आघाडीवर. या गुच्छमुळ्या झुडपांना पूर्वी कधी असा शत्रू भेटला नव्हता, त्यामुळे प्रतिकाराची घडणच नाही. बँक्सिया ब्राउनी तर सर्वांत हळव्या जातींपैकी एक. रोग शिरला की वस्तीतली जवळजवळ सगळी झुडपे काही वर्षांत मरतात. पूर्व ऑस्ट्रेलियातल्या बँक्सिया इंटेग्रिफोलियासारख्या जाती याला बऱ्याच प्रमाणात दाद देत नाहीत, म्हणून बागवाले पश्चिमेच्या नाजूक जातींची कलमे पूर्वेच्या खुंटावर बांधतात. बागेत हा उपाय चालतो. रानात मात्र कलम केलेल्या झाडाची बी पुन्हा हळव्या मुळांचेच रोप देते.

वणवा आणि रोग यांचा खरा गुंता इथे आहे. निरोगी रानात आग म्हणजे साठवलेल्या बियांची पेरणी. बाधित रानात तीच आग सगळी बी एकाच वेळी रोगट मातीत टाकते. उगवण चांगली होते, पहिल्या हिवाळ्यानंतर उतार हिरवा दिसतो, आणि मग रोपे फुलावर येण्याआधीच एकेक करून वाळतात. झाडावर काही शिल्लक राहिलेले नसते, जमिनीत साठा नसतोच. शिवाय वरचे आच्छादन जळाल्याने माती उघडी पडते, उन्हाने तापते, पाणी शोषणारी झाडे नसल्याने ओल अधिक राहते. रोगाला हे सगळे मानवते. आगीनंतर बाधित जागी रोगाचा जोर वाढल्याचे निरीक्षण या भागात झाले आहे. म्हणून आज बाधित वस्तीतून आग दूर ठेवण्याची धडपड केली जाते. ज्या जातीची पुढची पिढी आगीवाचून जन्मत नाही, तिला आगीपासून राखायचे. हा मार्ग फक्त वेळ काढण्याचा आहे, हे तो अवलंबणाऱ्यांनाही ठाऊक आहे.

नुकसान किती झाले याचा एक चांगला हिशेब उपलब्ध आहे. या जातीच्या एकूण २७ वस्त्यांची नोंद होती. त्यांपैकी दहा नामशेष झाल्या, मुख्यतः या रोगाने. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात संशोधकांनी जिवंत वस्त्यांबरोबर नामशेष झालेल्याही तपासल्या. हे शक्य झाले कारण वस्त्या मरण्यापूर्वी त्यांच्या बिया गोळा करून शीतगृहात ठेवलेल्या होत्या. त्यातून जातीचे तीन स्पष्ट गट दिसले: स्टर्लिंग रांगेतला, मिलब्रुक ते वेचिनिकप या सखल पट्ट्यातला आणि किंग जॉर्ज साउंडलगतच्या व्हँकूव्हर द्वीपकल्पावरचा. तिन्हींमधले अंतर थोडे असले तरी जनुकीय दरी मोठी आहे, म्हणजे हे गट दीर्घकाळ एकमेकांपासून तुटलेले असावेत. वस्त्यांबरोबर रानातून गेलेली विविधता एकूण विविधतेच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास आहे. सतराच वस्त्या उरल्या असे म्हणताना उरलेली झुडपे मोजली जातात. जे वाण गेले ते या मोजणीत दिसत नाही. काही वाण आता फक्त पाकिटांत आहेत.

रोगावर हातात असलेले मुख्य औषध म्हणजे फॉस्फाइट, स्फुरदाम्लाच्या धाकट्या भावाचे पोटॅशियम क्षार. नाशिकचे द्राक्ष बागायतदार डाऊनीसाठी याच जातीची औषधे फवारतात. फॉस्फाइट पानांतून आत शिरून मुळांपर्यंत उतरते, रोगाची वाढ रोखते आणि झाडाची स्वतःची संरक्षणयंत्रणा जागी करते. मातीतला रोग त्याने मरत नाही. स्टर्लिंगसारख्या चढणीच्या जागी माणसाने पाठीवर पंप घेऊन जाणे अवघड, म्हणून १९९० च्या दशकापासून विमानातून फवारणी होते. दीर्घकाळ फवारलेल्या आणि न फवारलेल्या भागांची तुलना केली असता फवारलेल्या भागात झुडपांची विविधता आणि रानाची ठेवण टिकलेली दिसते, हे निर्विवाद. पण परिणाम एक ते तीन वर्षांत ओसरतो आणि फवारणी पुन्हा करावी लागते, म्हणजे अखंड. काही जातींची पाने त्याने करपतात. आणखी एक प्रश्न कमी बोलला जातो: स्फुरदाच्या टंचाईवरच उभ्या असलेल्या या मातीत दर फेरीगणिक स्फुरद साठत जातो. आजच्या झाडांना वाचवताना उद्याच्या जमिनीचा स्वभाव पालटत असेल, तर ही किंमत लहान नाही. तरीही फवारणी थांबवावी असे कोणी जबाबदारीने म्हणू शकत नाही, कारण थांबवली तर उरलेल्या शिखरांचे काय होईल याविषयी शंका नाही.

रोग नव्या जागी जाऊ नये म्हणून वाटांच्या तोंडाशी बूट घासून धुण्याची ठाणी असतात, काही भाग लोकांना बंद आहेत, रस्त्यांच्या कामाला ओल्या हंगामात मनाई असते. हे उपाय स्वस्त आहेत आणि निरोगी जागेच्या बाबतीत सर्वांत परिणामकारकही. मात्र एका बेफिकीर गाडीने ते फोल ठरू शकतात.

यानंतर उरतो दुसरीकडे नेण्याचा मार्ग. पर्थमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून दुर्मिळ वनस्पतींची बीजपेढी आहे. बिया वाळवून, गोठवून ठेवल्या तर बँक्सियाची उगवणशक्ती दीर्घकाळ टिकते. त्या बियांतून रोपे करून अल्बनी परिसरातल्या रोगमुक्त खाजगी जमिनींवर बियाणे-बागा उभारल्या गेल्या. तिथे बँक्सिया ब्राउनीसोबत बँक्सिया माँटाना हीसुद्धा लावली आहे. ती स्टर्लिंगच्या माथ्यांवरच वाढणारी आणि याहूनही दुर्मिळ, मूठभर झुडपांवर आलेली. बागेतली झाडे आडोशाला, पाणी मिळत, रानापेक्षा लवकर आणि अधिक बी देतात. शिखरावर हेलिकॉप्टरने जाऊन चार पेट्या तोडण्यापेक्षा हे सोपे आणि रानातल्या झाडांवर ताण न आणणारे. स्थलांतरित वस्ती यशस्वी कधी म्हणायची, याबद्दल मात्र घाई होते. लावलेली रोपे जगली, फुलली, एवढ्यावर अहवाल समाधानाने लिहिले जातात. खरी कसोटी दुसऱ्या पिढीची: त्या जागी आग लागून, झाडांवरच्या बिया पडून, माणसाने पाणी न घालता रोपे उभी राहिली पाहिजेत आणि त्यांनीही बी धरली पाहिजे. त्याला दशके लागतात.

हवामानानेही यात भर घातली आहे. १९७० च्या दशकापासून ऑस्ट्रेलियाच्या या कोपऱ्यातला हिवाळी पाऊस स्पष्टपणे घटला आहे. पाऊस कमी म्हणजे रोगाला ओल कमी, असा एक दिलासा कधीकधी शोधला जातो; पण उन्हाळ्यातल्या अवेळी सरी वाढल्या तर उबदार ओली माती त्याला हवी तशीच मिळते. वणवे मात्र कोरड्या वर्षांत वाढणार हे उघड आहे. माथ्यावर वाढणाऱ्या जातीला आणखी वर सरकायला जागा नसते.

एका झुडपाबरोबर काय काय जाते याचे मोजमाप अलीकडे कीटकशास्त्रज्ञांनी सुरू केले. बँक्सिया ब्राउनीवर एक चिमुकला रसशोषक कीटक राहतो, ट्रायोझा बॅरेट्टी. २०१४ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन झाले. तो दुसऱ्या कुठल्याही झाडावर आढळलेला नाही; त्याचे अन्न, घर आणि पिढ्या सगळे याच पिसासारख्या पानांवर. बियांतून वाढवलेल्या रोपांसोबत तो आपोआप येत नाही. झाडे वाचली तरी तो नाहीसा होऊ शकतो, कारण शेतीत ज्याला कीड म्हणून फवारले जाते त्या वर्गातल्या जिवाची आठवण रोपवाटिकेत कोणी ठेवत नाही. म्हणून संशोधकांनी रानातल्या झुडपांवरून हे कीटक अलगद उचलून स्थलांतरित वस्तीतल्या रोपांवर सोडले आणि पुढच्या हंगामांत ते तिथे रुजतात का, याची पाहणी केली. बँक्सिया माँटानावर जगणाऱ्या एका पिठ्या ढेकणासाठीही असाच प्रयत्न झाला. झुडूप वाचवण्याच्या आराखड्यात त्यावर जगणाऱ्या कीटकाचे स्थलांतर समाविष्ट करण्याची ही जगातली अगदी सुरुवातीची उदाहरणे आहेत.